अजमलची रिकामी पिशवी

अजमलचं नेमकं झालं काय, असं आजही कुणी विचारलं की मी चिडतो. मी सांगतो, त्याच्या चुका चोरीला गेल्या. मग समोरचा माझ्याकडे असा बघतो, की आता हा म्हाताराही त्याच वाटेला लागला. म्हणून एकदाचं सगळं ओळीने सांगून टाकतो.

महाडला कोर्टाच्या मागच्या बोळात आमची दुकानं होती. दुकानं म्हणजे गाळा एकच, मध्ये फळ्यांची भिंत. अलीकडे मी, श्रीपत, मूळचा पोलादपूरच्या वरच्या वाडीवरचा, मराठी टायपिस्ट. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भावाभावांच्या वाटण्या. पलीकडे दासगावचा अजमल, अरबी टायपिस्ट. मी डावीकडून उजवीकडे जायचो, तो उजवीकडून डावीकडे यायचा. मधल्या फळ्या काढल्या तर आमची टक्कर होईल, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो. त्यावर तो पलीकडून ओरडायचा, "आदी तुजी लाइन सरळ ठेव रे!"

महाडात अरबी कशाला, असं घाटावरचे लोक विचारतात. त्यांना काय ठाऊक! आमच्या खाडीकाठच्या गावांतून घरटी एक माणूस आखातात आहे. तिकडच्या मालकाला, म्हणजे कफीलला, रजा वाढवून मागायची, बायकोला तिकडे न्यायचं, तिकडे वारलेल्या माणसाचं सामान परत मागवायचं, सगळ्याला अरबी कागद लागतो. अजमल तरुणपणी कुवेतला एका टायपिंगच्या दुकानात चहा द्यायला लागला होता. चहा देता देता तो टायपिंग शिकला आणि भाषाही शिकला. नव्वद साली तिकडे लढाई पेटली तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी परत आला, मुंबईहून एक जुनं अरबी मशीन पैदा केलं आणि माझ्या शेजारी येऊन बसला तो कायमचा.

त्या मशीनची एक गंमत होती. अरबीत एकच अक्षर शब्दाच्या आरंभी एका रूपात येतं आणि शेवटी दुसऱ्या रूपात. मशीनवर दोन्हींच्या कळा वेगळ्या. म्हणजे कळ दाबायच्या आधीच माणसाला ठाऊक हवं, की शब्द इथे संपणार आहे की अजून पुढे जाणार आहे. अजमलला ते ठाऊक असायचं. मान वर, तोंडात सुपारी, गिऱ्हाइकाशी त्याच्या गावच्या आंब्यांवरून वाद चाललेला आणि खाली बोटं धावताहेत. मला त्याचा हेवा वाटायचा. तो मी शिव्या घालून भागवायचो.

तरी चुका व्हायच्याच. कुणाच्या होत नाहीत? पण चुकलेल्या कागदाचं पुढे काय करायचं, यात आमच्यात जमीनअस्मानाचा फरक होता. माझे चुकलेले कागद रावजी वडेवाला घेऊन जायचा. तालुक्यातल्या निम्म्या वाटण्या लोकांनी वड्याच्या तेलातून वाचल्या असतील. अजमलच्या कागदावर मात्र वरच अल्लाचं नाव असायचं, आणि मजकुरात कुणी अब्दुल्ला, कुणी अब्दुल रहमान, म्हणजे नावांतही अल्लाच. तो कागद पायदळी जाता कामा नये, कचऱ्यात नाही, चुलीतही नाही. म्हणून त्याच्या खुर्चीमागे खिळ्याला जाड कापडाची पिशवी टांगलेली असायची. कागद चुकला की चार घड्या घालायच्या आणि पिशवीत टाकायचा. रमजानच्या आधी तो आणि त्याची बायको नुरजहाँ दासगावला होडीत बसायची, भर धारेपर्यंत जायची आणि आत धोंडा घालून पिशवी सावित्रीत सोडायची.

"अरे, तुझ्या चुका वड्याला, माज्या चुका नदीला," अजमल म्हणायचा. "आता सांग, इज्जत कुनाची जास्त?"

वर्षाला एक पिशवी, हा त्याचा नेम. एका वर्षी मात्र ती पावसाळ्याच्या तोंडालाच भरली. नुरजहाँभाभींनी ती हातात तोलून बघितली आणि तिथल्या तिथे त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. चष्मा लागला. पुढच्या वर्षी पिशवी परत आपल्या मापावर आली. वैद्य नाडी बघतो तशी त्या बाईने नवऱ्याची पिशवी बघितली होती.

त्यांना मुलगी एकच, अरीबा. शाळा सुटली की ती फळीच्या या बाजूला येऊन माझ्या मशीनवर स्वतःचं नाव मराठीत बडवत बसायची. मोठी झाली तशी नात्याच्या ताबिशशी तिचं लग्न ठरलं. ताबिश शारजाला होता, मुलगा निर्मळ. तेव्हापासून अजमलने एकच धोशा लावला. निकाहाच्या वेळी बहुतेक बाप काझीला सांगतात, तुम्हीच माझ्या वतीने बोला, आणि स्वतः खाली मान घालून बसतात. अजमल म्हणायचा, मी कुणाला माझ्या वतीने बोलू देणार नाही.

"एवढी वर्सं लोकांचे अर्ज अरबीत लिवले. माज्या पोरीला देताना माजी जीभ काय उसनी आनू? मी स्वतः बोलनार. 'माझी मुलगी अरीबा मी तुला दिली.' एवढंच तर हाय. पन मीच बोलनार!"

हे वाक्य तो अरबीत म्हणून दाखवायचा. मला अरबीतलं ओ की ठो कळत नाही, पण ते म्हणताना त्याचा आवाज बदलायचा. शेवटच्या शब्दाला तो चष्मा काढून पुसायला घ्यायचा, आणि मी मुद्दाम काहीतरी पांचट बोलायचो.

दोन हजार एकच्या सुमाराला अरीबाने कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि बापाच्या मागे लागली. "अब्बा, मशीनवर आता कोण काम करतं? लोक हसतात." ताबिशने तिकडून अरबी सॉफ्टवेअरची सीडी पाठवली. अजमलने आधी खूप कुरकुर केली, माझी बोटं म्हातारी झाली गो, म्हणाला. मग कॉम्प्युटरवर बसून बघितलं तर काय, अक्षराचं आरंभीचं रूप, शेवटचं रूप, सगळं आपोआप होतंय. तो लहान मुलासारखा मला बोलवायला आला. त्याला एकच गोष्ट खुपत होती. शब्द चुकला की त्याच्याखाली लाल वळवळती रेघ यायची.

"ह्यो मास्तर कुठनं आनला गो?" तो अरीबाला म्हणाला. "लोकांसमोर लाल शाई मारतो!"

अरीबा हुशार. तिने कॉम्प्युटरच्या आत कुठेतरी जाऊन एक खूण केली. त्यानंतर शब्द चुकला की कॉम्प्युटर स्वतःच त्याच्या जवळचा बरोबर शब्द उचलून तिथे बसवायचं. रेघ यायच्या आधीच काम झालेलं असायचं. अजमल खूश, अरीबा खूश. मराठीला असलं काही नव्हतं. आमच्या चुका आम्हीच निस्तरत होतो, आणि मी ते तिला टोमणा मारून सांगितलंही.

त्या वर्षी पिशवी निम्मीसुद्धा भरली नाही. पुढच्या वर्षी तर खिळ्यावर नुसतं कापड लोंबत होतं. रमजान तोंडावर आला, सोडायला काहीच नव्हतं. "अजमल, यंदा सावित्री उपाशी," मी म्हटलं. नुरजहाँभाभींनी अल्लाचे आभार मानून बदामाचा शिरा केला आणि अख्ख्या बोळात वाटला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच वर्षभर नवऱ्याच्या हातून एक कागद चुकला नाही, याचा त्या माउलीला केवढा अभिमान! मी शिरा दोनदा मागून घेतला.

त्याच सुमाराला ताबिश थोडक्या सुट्टीवर आला होता. भाभी म्हणाल्या, मुलगा आलाच आहे तर साधेपणाने निकाह लावून टाकू. अजमलने उडवून लावलं. "चोरून लगीन लावतोय काय आपण? पुढल्या सुट्टीला दणक्यात करू. मी काय कुठं पळून जातोय?" खरंच होतं ते. धडधाकट माणूस, हातात काम, कामात चूक नाही. घाई करायचं कारण कुणालाच दिसलं नाही. ताबिश परत गेला, तिकडे त्याने नोकरी बदलली आणि पुढची सुट्टी लांबत गेली.

दरम्यान बारीकसारीक काही घडत होतं. अजमल एकच गोष्ट सकाळी सांगायचा आणि दुपारी तीच पुन्हा नव्याने सांगायचा. एकदा चपला दुकानात विसरून अनवाणी एसटीत बसला. एकदा दासगावला उतरायचा तो वीरला जाऊन पोचला, आणि स्टेशनवरच्या एका रिक्षावाल्याने ओळखून त्याला घरी आणून सोडलं. आम्ही हसलो. साठी बुद्धी नाठी म्हणतात, त्याला साठीला अजून अवकाश होता, तरी मी ते चालवून घेतलं. भाभींना एकदा जरा काळजी वाटली. पण त्या स्वतःच म्हणाल्या, "डोकं बिघडलं असतं तर कामात चुका नसत्या का झाल्या, श्रीपतभाऊ? पिशवी बघा की." आम्ही दोघांनी वळून पिशवीकडे बघितलं. रिकामी होती. काळजी मिटली.

अरीबाचंही तसंच. ती आता दुकानात बापाबरोबर बसायची, छापून निघालेला कागद तीच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. तिला अरबी वाचता येत होतं. कुराण वाचायला सगळी मुलं शिकतात, तशी ती शिकलेली. पण वाचता येणं वेगळं आणि कळणं वेगळं. खाडीकाठच्या त्यांच्या लोकांपैकी शेकडा नव्वद सुरेख वाचतात आणि त्यांना एका शब्दाचा अर्थ ठाऊक नसतो. लाल रेघ नाही म्हणजे सगळं बरोबर, असं ती धरून चालली होती. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं. कागद आखातात जायचे, आणि एखादं काम अडलं तरी लोक तिकडच्या मालकालाच शिव्या द्यायचे.

मग चांगू आला. चांगू माझ्याच वाडीवरचा. सौदीत मेंढ्या राखायचा, तिथेही तेच करायचा जे इथे डोंगरावर करायचा, फक्त वाळूत. आई आजारी म्हणून रजेवर आला होता आणि रजा वाढवून हवी होती. मी त्याला फळीपलीकडे पाठवलं. अजमलने झरझर टाइप करून दिलं, वर चहा पाजला, मेंढ्यांची चौकशी केली. चांगू वीरवरून गाडी पकडून मुंबईला त्याच्या एजंटकडे गेला. परत आला तो थेट माझ्याकडे, आणि आवाज खाली करून बोलू लागला.

"श्रीपतदादा, तिथं एक अरबी जाननारा साहेब व्हता. त्यानं कागद वाचला न् मलाच इचारायला लागला, ह्ये काय हाय? म्हनला, चूक एक बी नाय, पन अर्थ बी नाय. दरवाजा हाय, पाऊस हाय, दगड हाय, मालक हाय, सगळे शबुद बरोबर. पन रजा कुठं नाय, आई कुठं नाय. त्यानं दुसरा कागद करून दिला, माजं काम झालं. पन जाताना म्हनला, ज्यानं ह्ये लिवलं त्याला बरं हाय ना, बघा जरा."

चांगूने अजमलचा कागद परत आणला होता, तो मी ठेवून घेतला. मग अरीबाला बाहेर बोलावून सांगितलं. तिने तो कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचला, अगदी शुद्ध, कुठे अडखळली नाही. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघितलं. तिला काहीच कळलं नव्हतं, आणि तेच तिला आता कळलं होतं.

"काका, मी ते बंद करते," ती म्हणाली. "ते आपोआप सुधारायचं. मला बघायचंय."

कोर्टाची जेवणाची सुट्टी होती, बोळात कुणी नव्हतं. तिने कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि अजमलला म्हणाली, "अब्बा, रजेचा अर्ज लिहा एक." रजेचा अर्ज त्याने आयुष्यात किती वेळा लिहिला असेल! तो सरसावून बसला. बोटं तशीच धावली, ऐट तीच, मान वर तशीच. आणि पडद्यावर एकेका शब्दाखाली लाल रेघ येत गेली. पहिल्या ओळीत, दुसऱ्या ओळीत, मग सलग. अरबी न कळणाऱ्या मलाही दिसलं, की तीच तीन-चार अक्षरं फिरून फिरून येताहेत.

अजमल थांबला. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे शांतपणे बघत राहिला.

"काय झालं, अब्बा?"

"थांब जरा. ती करते आता बरोबर."

"कोण ती?"

"अरीबा," तो म्हणाला. "आत असते ती. माजं चुकलेलं सगळं तीच नीट करते. बोलत नाय कुनाला."

अरीबा त्याच्या खांद्याशी उभी होती, तिचा हात त्याच्या खुर्चीवर होता. ती ओठ दाबून वाकली आणि बंद केलेलं परत चालू केलं. रेघा नाहीशा झाल्या, प्रत्येक ठिकाणी कुठलातरी शुद्ध शब्द येऊन बसला. अजमलने मान डोलावली. "बघितलंस?" तो मला म्हणाला. मी फळीपलीकडे माझ्या जागेवर आलो आणि रडलो. माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला रडायला बरं ठिकाणही मिळत नाही.

मुंबईला मोठ्या डॉक्टरला दाखवलं. मी बरोबर गेलो होतो. फोटो काढले, तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाला, रक्तदाब कित्येक दिवस वाढलेला आहे, मेंदूतल्या बारीक नसा एकेक करून बंद पडत गेल्या आहेत. एकदम नाही, हळूहळू. मग त्याने विचारलं, "यांचं काम लिहिण्याचं. मग लिहिण्यात चुका कधीपासून व्हायला लागल्या?"

भाभी, अरीबा आणि मी मागचं आठवू लागलो. वर्षापूर्वी? दोन वर्षांपूर्वी? शिरा वाटला तेव्हा? तो आमच्या डोळ्यांसमोर चुकत होता, आणि एक चूक आमच्यापर्यंत पोचली नव्हती. डॉक्टर म्हणाला, पहिल्या चुका दिसू लागल्या तेव्हाच आणलं असतंत तर औषधाने पुढचं बरंच थांबवता आलं असतं. गेलेलं मात्र परत येत नाही.

"पण पिशवी रिकामी होती, डॉक्टरसाहेब," नुरजहाँभाभी म्हणाल्या. डॉक्टरला ते कळणं शक्यच नव्हतं. कसली पिशवी, असं त्याने विचारलं, आणि भाभींनी दोन्ही हातांनी तिचं माप दाखवलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. म्हणत असतील. ज्याने कुणी हे सुधारायचं यंत्र काढलं, त्याचा हेतू चांगलाच असणार. माणसाची फजिती होऊ नये एवढंच त्याला हवं असेल. पण मला त्याचा राग येतो तो येतोच. माणूस चुकला की चारचौघांत चुकलेला दिसावा. जुन्या मशीनवर दिसला असता. कागदांवर कागद गेले असते, पिशवी महिन्यात फुगली असती, भाभींनी त्याला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं, आणि त्या छोट्या सुट्टीतच ताबिशशी निकाह लागला असता. अरीबा हेच सगळं मला पुन्हा पुन्हा सांगायची आणि दर वेळी शेवटी म्हणायची, "मीच चालू केलं होतं, काका." मी तिला समजावायचो. समजावून काय होतं? तिच्या मनातली ती गोष्ट कुणालाच काढता आली नाही.

ताबिशला अखेर सुट्टी मिळाली आणि तारीख धरली. तोवर अरीबाने दुकानातली अरबी कामं घेणं बंद केलं होतं. दुपारी ती बापाला समोर बसवायची आणि ते एक वाक्य त्याच्याकडून म्हणवून घ्यायची. फळीतून मला सगळं ऐकू यायचं. कधी तो पूर्ण म्हणायचा, कधी अर्ध्यावर सोडून चहा मागायचा. पूर्ण म्हटलं की अरीबा हसायची. तिला दुसरं काही नको होतं. दागिने नको, मांडव नको, फक्त त्या दिवशी बापाने आपल्या तोंडाने तिला द्यावं.

लग्नाच्या आधी काझीसाहेब घरी आले. भला माणूस. अजमलने त्यांच्यासमोर वाक्य म्हणून दाखवलं, स्वच्छ, एका दमात. अरीबा आतल्या दारात उभी होती, तिचा चेहरा फुलला. काझीसाहेबांनी मायेने विचारलं, "अजमलभाई, कोणाला देताय मुलगी?"

अजमलने चष्मा वर केला. "ते तुमी सांगा की," तो म्हणाला. "कागद कुनाचा हाय?"

काझीसाहेबांनी अजमलच्या खांद्यावर हात ठेवला. मग अरीबाकडे वळून म्हणाले, "बेटी, आपण काय देतोय हे ज्याला उमगत नाही, त्याचं देणं शरियतला चालत नाही. त्याच्यावर दोष नाही. पण मग हक्क त्याच्या भावाकडे जातो. तुझे चाचा बोलतील." अरीबाने विनवण्या केल्या. आधी अब्बांना बोलू द्या, मग चाचा बोलतील, असंही म्हणून बघितलं. काझीसाहेबांचे डोळे भरून आले, पण निकाहात नाटक नको, म्हणाले. ती आत निघून गेली. त्यानंतर दुपारी फळीपलीकडून ते वाक्य मला कधी ऐकू आलं नाही.

निकाह दासगावला झाला. भाभींनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, की तुम्ही यांच्याजवळच बसा, तुमच्याजवळ हे शांत असतात. अजमलला पांढरा कुडता आणि नवी टोपी घातली होती. एखाद्या मोठ्या पाहुण्यासारखा रुबाबदार दिसत होता. पुढे ताबिश, काझीसाहेब, साक्षीदार आणि अजमलचा धाकटा भाऊ. आम्ही दोघं त्यांच्या मागच्या रांगेत. बायका आत, पडद्याआड. पडद्याच्या त्या बाजूला अरीबा कान देऊन बसली असेल, हे मला न बघताही कळत होतं.

धाकट्या भावाला अरबी येत नव्हतं. काझीसाहेब एकेक शब्द सांगत होते आणि तो मागून म्हणत होता, लाजत, अडखळत. माझी नजर अजमलवर होती. तो लक्ष देऊन ऐकत होता, मान किंचित कललेली. कुठल्या शब्दाला तो दचकेल, उठेल, काही बोलेल, असं मला वाटत राहिलं. तो काही बोलला नाही. ताबिशने कबूल म्हटलं, सगळ्यांनी दुवेसाठी हात उचलले, अजमलनेही उचलले. मग खारका वाटत माणसं फिरू लागली. अजमलने एक खारीक घेतली, एक माझ्या हातावर ठेवली आणि माझ्या कानाशी लागला.

"श्रीपत, पोरीचा बाप कुठं हाय?"

मी हातातली खारीक मुठीत धरली.

"चाच्यानं दिली तिला, बघितलंस? बाप दिसला नाय कुठं." त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, तो खरोखर नाराज झाला होता. "बापानं द्यायला पायजे होती रे. पोर काय म्हनत असेल?"

"आलाय तो," मी म्हटलं. "इथंच बसलाय. तब्येत बरी नाही त्याची."

"हाय ना? मग ठीक," अजमल म्हणाला, आणि मान उंच करून पुढच्या गर्दीत त्याला शोधू लागला.